उचललेले वाहन आणि नागरिकाची दाद

साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीची गणपती पेठ, उभे केलेले वाहन जागेवर दिसले नाही की मनुष्य गांगरतो आणि मागतील तितके पैसे भरून मोकळा होतो. वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२७ वे कलम वाहन उचलण्यास संमती देण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यास देते, क्रेनच्या ठेकेदारास नव्हे. वाहन दहा तास बेवारस असावे, मनाईच्या जागी असावे किंवा रहदारीस धोका करीत असावे. असे असेल तर उचलण्याचा खर्चही मालकावरच पडतो.

म्हणून प्रथम मनाईचा फलक होता काय ते पाहावे, जागेचे छायाचित्र घ्यावे. पावतीवर जागा, वेळ व कलम लिहून मागावे. दुसरे असे की, २०० व्या कलमान्वये तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण तेथेच मिटते. गुन्हा अमान्य असेल त्याने तडजोड नाकारून न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे राहावे.

खरी मेख येथेच आहे. १७७ व्या कलमाचा पहिला दंड ५०० रुपयांपर्यंत. पण कोर्टाच्या एका तारखेला टेम्पोवाल्याचा सबंध रोज बुडतो. मग निर्दोषही दंड भरतो. एकट्याला न परवडणारी दाद पेठेने मिळून मागावी : फलक नसलेल्या जागांची यादी, एक अर्ज आणि खाली सर्वांच्या सह्या.