अभिलेख स्कॅनिंगमधील गुणवत्ता नियंत्रण

अभिलेख स्कॅनिंगमधील गुणवत्ता नियंत्रण म्हणजे कागदी दस्तऐवजांचे डिजिटल प्रतिमांत रूपांतर करताना प्रत्येक प्रतिमा मूळ पानाशी जुळते का, ती वाचता येते का आणि पुढे शोधल्यास सापडते का, हे ठरावीक पद्धतीने पडताळण्याची प्रक्रिया होय. पान सुटणे, कडा कापली जाणे, शाई पुसट उमटणे, अंक बदलणे व प्रतिमेला चुकीचे नाव दिले जाणे हे या कामातील नेहमी आढळणारे दोष आहेत. मूळ कागद उपलब्ध असेपर्यंत ते दुरुस्त करता येतात. कागद जीर्ण किंवा नष्ट झाल्यावर मात्र प्रतिमेतील दोष कायमचा राहतो.

पार्श्वभूमी

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक कागदपत्रे जळाली. कागदी अभिलेखांची दुसरी प्रत नसण्याचा धोका त्या घटनेने महाराष्ट्रासमोर ठळकपणे आणला. राज्यात भूमी अभिलेखांचे संगणकीकरण त्यापूर्वीच सुरू झाले होते. पुढे तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांतील जुने सात-बारा, फेरफार नोंदवह्या व इतर दस्तऐवज ई-अभिलेख कार्यक्रमाखाली स्कॅन करण्यात आले. त्यांच्या प्रती नागरिकांना 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर मिळू लागल्या.

गावपातळीवरील महत्त्व

मुळशी तालुक्यात पिरंगुट व पौड यांच्या दरम्यान असलेले कासार आंबोली, तसेच पुणे शहरालगतची इतर गावे, येथे नागरीकरणामुळे जमिनींचे खरेदी-विक्री व्यवहार वाढले आहेत. अशा गावांत एखाद्या गटाचा आजचा मालक कोण, हे पाहण्यासाठी पूर्वीचे फेरफार एकामागून एक तपासावे लागतात. त्या मालिकेतील एक पान वाचता आले नाही, तरी पुढील सर्व नोंदींचा आधार संशयास्पद ठरू शकतो.

गाव नमुना ६ म्हणजेच फेरफार नोंदवही. तिच्या शेवटच्या स्तंभात तपासणी अधिकाऱ्याचा शेरा व सही असते. स्कॅन करताना पानाची उजवी कडा कापली गेली, तर नोंद मंजूर झाली की रद्द, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. हस्तलिखित सात-बारा उताऱ्यात पूर्वीच्या खातेदाराच्या नावाला कंस केला जातो आणि फेरफार क्रमांक वर्तुळात लिहिला जातो. प्रतिमेत तो पुसट कंस उमटला नाही, तर जमिनीवरील हक्क गेलेली व्यक्ती चालू खातेदार असल्याचे दिसते.

दोषांचे प्रकार

पूर्णतेचे दोष: दोन पाने एकत्र उलटली जाणे, पानाची मागील बाजू राहून जाणे, चिकटवलेली चिठ्ठी न उघडणे. बांधीव नोंदवहीत शिवणीजवळचा मजकूर अनेकदा दुमडीत जातो.

वाचनीयतेचे दोष: पान तिरके, अस्पष्ट किंवा अतिउजळ येणे. सर्वसाधारण दस्तऐवजांसाठी दर इंचास ३०० ठिपके ही घनता प्रचलित आहे. बारीक अक्षर व नकाशे यांसाठी ती वाढवतात. केवळ कृष्णधवल पद्धतीने स्कॅन केल्यास लाल शाई, पेन्सिल व शिक्के यांतील भेद नाहीसा होतो.

नोंदीचे दोष: प्रतिमा उत्तम असली, तरी तिला जोडलेली माहिती चुकीची असू शकते. कासार आंबोली हेच नाव 'कासारआंबोली' वा 'कासार अंबोली' असेही लिहिले जाऊ शकते, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आंबोली नावाचे गाव आहे. त्यामुळे नावासोबत तालुका, जिल्हा व जनगणनेतील गाव संकेतांक नोंदवणे सुरक्षित ठरते.

अंक बदलण्याचा दोष

काही दोष नुसत्या प्रतिमेकडे पाहून लक्षात येत नाहीत. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतील असा दोष उघड केला. एका बांधकाम नकाशातील तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ व १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत मात्र तिन्ही ठिकाणी १४.१३ हाच आकडा आला. फाईलचा आकार कमी करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून वापरत होते. बदललेले अंक ठळक व स्पष्ट असल्याने संशय येण्यास वाव नव्हता. कंपनीने नंतर सुधारित प्रणाली उपलब्ध करून दिली.

जमिनीच्या नोंदीत ०.६० हेक्टरऐवजी ०.८० हेक्टर उमटले, तर २० आर म्हणजे सुमारे २० गुंठ्यांचा फरक पडतो. म्हणून कायमस्वरूपी जतन करावयाची मूळ प्रतिमा माहिती न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवतात आणि लहान आकाराच्या प्रती तिच्यावरून तयार करतात.

तपासणीची पद्धत

स्कॅन करण्यापूर्वी पाने मोजून त्यांना क्रमांक देतात. नंतर प्रतिमांची संख्या त्या संख्येशी ताडून पाहतात. ही मोजणी प्रत्येक नोंदवहीसाठी करावी लागते. वाचनीयतेची तपासणी काही वेळा नमुना पद्धतीने होते, परंतु तिला मर्यादा आहेत. १,००० पानांत १० पाने सदोष असतील आणि त्यांतून ५० पाने यादृच्छिकपणे निवडली, तर एकही सदोष पान हाती न लागण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. ३०० पाने निवडल्यास ती सुमारे ३ टक्क्यांवर येते. म्हणून हक्कासंबंधीच्या अभिलेखांत प्रत्येक पानाची तपासणी योग्य मानली जाते. ती स्कॅन करणाऱ्याने नव्हे, तर दुसऱ्या व्यक्तीने मूळ पान समोर ठेवून करणे अपेक्षित असते.

तपासनिसाला लिपी वाचता येणेही आवश्यक आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला, तेव्हा अनेक जुने दस्तऐवज मोडी लिपीत होते. मोडीत अक्षरे जोडून आणि बहुधा शब्दांत जागा न सोडता लिहिली जातात. एखादी पुसट रेघ उमटली नाही, तर वाचन बदलते. मोडी न जाणणाऱ्याला अशी प्रतिमा पुरेशी स्पष्ट आहे की नाही, हे ठरवता येत नाही.

लोकसहभागातून पडताळणी

संगणकीकृत सात-बारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचन करण्यात आले. नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवून चुका टिपण्यात आल्या. स्वतःचे क्षेत्र व हिस्सा खातेदाराला ठाऊक असल्याने कार्यालयात न दिसणारी चूक चावडीवर दिसू शकते. नोंदीतील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे.

कायदेशीर बाजू

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते व त्यात फाईलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. फाईल नंतर बदललेली नाही, हे त्यावरून कळते. ती मूळ कागदाशी जुळत होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ती जबाबदारी स्कॅनिंगच्या वेळच्या तपासणीवरच राहते. त्यामुळे तपासणी कोणी व कधी केली याची नोंद प्रतिमेसोबत जतन करणे आणि ती पूर्ण होईपर्यंत मूळ कागद न हलवणे, या दोन गोष्टींना या प्रक्रियेत विशेष महत्त्व आहे.

हे सुद्धा पहा

सात-बारा उतारा
मोडी लिपी
मुळशी तालुका
पुराभिलेख