साड्यांचं गाठोडं बांधण्याआधी

आज आपल्या बचत गटाच्या मदतनिधीबद्दल बोलू. द्यायला आपण बायका मागे नसतो. पण कुणाला, काय आणि कधी द्यायचं, हे पुष्कळदा आपण ठरवतच नाही. समोर दिसलेलं चित्र ते ठरवतं.

आम्हा उलव्याच्या बायकांना जवळची आठवण म्हणजे शेजारच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. 19 जुलै 2023ची रात्र. दानाचा म्हणून मानलेला अधिक महिना आदल्याच दिवशी लागला होता. डोंगरावरची ठाकूर समाजाची वाडी दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता, बचावपथकं पायी चढली. ते टीव्हीवर पाहून कुणाच्या घशाखाली घास उतरला असेल?

2007 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांच्या हातात 5 डॉलर दिले आणि विचारलं, यातले उपाशी लोकांसाठी किती द्याल? काहींना आफ्रिकेतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी सरासरी 2 डॉलर 38 सेंट दिले. काहींना फक्त लाखो भुकेल्यांचे आकडे दाखवले, त्यांनी 1 डॉलर 14 सेंट. आणि मुलगी व आकडे दोन्ही दाखवले, तेव्हा 1 डॉलर 43 सेंट! आकडा ऐकला की मन हिशेबाला बसतं आणि हात आखडतो. यात वाईटपणा नाही, मन असंच चालतं.

पण त्याचा परिणाम बघा. माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, मग इर्शाळवाडी. तिन्ही वेळा जुलैच. आपली मदत मात्र दरड कोसळल्यावर निघते. जी वाडी अजून उभी आहे तिचा फोटो कोण काढणार? तिच्यासाठी कुणाचे डोळे भरत नाहीत.

दुसरी गोष्ट गाठोड्याची. जुन्या साड्या दिल्या की आपल्याला बरं वाटतं, कपाटही रिकामं होतं (हे आपल्यातच ठेवा). तिकडे त्या निवडायच्या कुणी, सुकवायच्या कुठे? साडी मिळाली तरी परकर नाही, मापाचा ब्लाउज नाही, पाळीचे पॅड नाहीत. आणि हे पुरुष कार्यकर्त्यापाशी मागायचं कसं? म्हणून आधी तिथल्या एखाद्या आशाताईला किंवा अंगणवाडीताईला फोन करून विचारा. त्या पैसे बरे म्हणाल्या तर पैसेच द्या, आणि पावती घ्या.

आमच्या गटात अकरा जणी आहेत. दरमहा प्रत्येकी वीस रुपये बाजूला काढले तर वर्षाचे 2640 होतात. त्यातले निम्मे पावसाआधी डोंगरउतारावरच्या एखाद्या वाडीसाठी, आणि निम्मे संकट आल्यावर. पण तेही लगेच नाही, पहिली गर्दी ओसरल्यावर, असा ठराव मांडला आहे. टॉर्च, ताडपत्री की आणखी काही, ते वाडीतल्या बायका सांगतील. एक ताई म्हणाल्या, ‘एवढ्याशा पैशांनी काय होणार?’ त्यावर अजून वाद चालू आहे. तुमच्या गटातही हा विषय काढा, आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहायला विसरू नका.