विहिरीला पाणी कुठून येते?

बेळगावच्या टिळकवाडीतील काँग्रेस विहीर १९२४च्या, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस अधिवेशनासाठी खोदली गेली. अशा जुन्या, न आटणाऱ्या विहिरींना 'जमिनीखालची नदी लागली' असा समज सर्रास आढळतो.

प्रत्यक्षात इथले पाणी जांभ्याच्या छिद्रांत आणि काळ्या पाषाणाच्या (बेसाल्ट) भेगांत मुरलेले असते. ज्या खोलीपासून खाली ही छिद्रे-भेगा पाण्याने भरलेल्या असतात, ती भूजलपातळी (जमिनीतील पाण्याची वरची सीमा). नदीकाठच्या वाळूत खड्डा केला, की कडेने पाणी झिरपून साचते; विहीरही तशीच भरते.

उन्हाळ्यात ही पातळी उतरते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मातीकाम आणि दगडफोड करणाऱ्या वडार समाजासारख्या कष्टकऱ्यांना पहिला पाझर फुटल्यावरही, पाणी उपसत, पहार-टिकाव चालवत आणखी खाली जावे लागे.

गाळ उपसल्यावर वाढणारे पाणीही नव्या झऱ्याचे नसते. बुजलेले पाझर मोकळे होतात.