गिरगाव चौपाटी: खाण्याआधी एवढे माहीत असू द्या

कुठे? मरीन ड्राइव्हच्या उत्तर टोकाला. जवळचे स्थानक पश्चिम रेल्वेचे चर्नी रोड. वाळूवरचा पुतळा लोकमान्य टिळकांचा. 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार इथेच झाले.

काय वेगळे?
- भेळ: कुरमुरे, शेव, कांदा, बटाटा, हंगामात कैरी. ओल्या भेळेत चिंच-खजुराची गोड आणि कोथिंबीर-मिरचीची तिखट चटणी असते. ती हातात पडताच संपवावी, कुरमुरे लगेच मऊ पडतात. घरी न्यायची तर सुकी घ्या.
- शेवपुरी: चपटी, कडक पुरी.
- पाणीपुरी: फुगलेली पुरी. शेवटी सुकी पुरी मागायला लाजू नका, तसा रिवाजच आहे.
- रगडा पॅटिस: पांढऱ्या वाटाण्याचा रगडा, बटाट्याचे पॅटिस.
- शिवाय पावभाजी, कुल्फी, फालुदा, बर्फाचा गोळा.

स्वच्छता: अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्यानुसार विक्रेत्याला मिळणारा परवाना किंवा नोंदणी क्रमांक 14 अंकी असतो. पाणीपुरीचे पाणी आणि गोळ्याचा बर्फ कशाचा, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

कधी? संध्याकाळी. अनंत चतुर्दशीला इथे गणेश विसर्जन असते, त्या दिवशी केवळ खाण्यासाठी जाऊ नये. पावसाळ्यात निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी.