तीन वाटे, दोन पुरे
बिटकॉइनची खासगी किल्ली म्हणजे एक लांबलचक संख्या. हरवली तर पैसे कायमचे अडकले, चोरीला गेली तर कायमचे गेले. ती कणकवलीच्या घरातल्या एकाच कपाटात ठेवण्यापेक्षा तिचे तीन वाटे करावेत: एक घरी, एक मुंबईच्या भावाकडे, एक पणजीच्या बहिणीकडे. कोणतेही दोन जुळले की किल्ली परत मिळते. किल्लीचे नुसते तुकडे करणं मात्र वेडेपणाच. एक गहाळ झाला की सगळंच बुडालं.

असे वाटे करण्याची संकेतशास्त्रज्ञ अदी शामीर यांची १९७९ची युक्ती रेषेची आहे. समजा गुपित ७. शून्यावर ७ असलेली एक तिरपी रेषा काढली. १, २, ३ वर तिची उंची १०, १३, १६ आली. हेच वाटे. दोन बिंदूंवरून रेषा ठरते, मागे शून्यापाशी गेलं की ७ सापडतो. एका बिंदूतून अगणित रेषा जातात, त्यामुळे एकट्या वाट्यावरून काहीच उमगत नाही. (प्रत्यक्षात हे गणित प्रचंड अविभाज्य संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवर चालतं.)

इंटरनेटच्या नावव्यवस्थेच्या मूळ किल्लीची राखीव प्रत उघडायलाही सात जणांपैकी पाच लागतात.

एक मेख आहे: वाटे जुळवताना अख्खी किल्ली क्षणभर एकाच संगणकावर येते. तो सायबर कॅफेतला नसावा.