सात आसनी कौटुंबिक गाडी : बांधणी आणि निगा

सात आसनी कौटुंबिक गाड्यांची तुलना करताना किंमत आणि मायलेज यांच्याआधी गाडीची बांधणी पाहणे आवश्यक असते. २००५ साली भारतात आलेली टोयोटा इनोव्हा शिडीसारख्या स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर, म्हणजेच चॅसीवर, उभी असून तिच्या इंजिनाची गती मागच्या चाकांना मिळत असे, तर २०१२ सालच्या मारुती अर्टिगात सांगाडा आणि बॉडी एकसंध असून गती पुढच्या चाकांना मिळते. पहिली रचना खडबडीत रस्त्यांवर दणकट ठरते, तर दुसरी वजनाने हलकी असल्याने इंधन वाचवते.

निगा राखण्याचे नियम मात्र दोन्हींना सारखेच लागू होतात. सातही जण सामानासह बसणार असतील, तर चालकाच्या दाराजवळील तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी हवा, टायर थंड असतानाच, भरावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे ते उकळू लागण्याचे तापमान, खाली येतो आणि लांब घाटउतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ होऊन पेडल पोकळ लागते. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी.