चर्चसमोर युद्धविजयाचे खांब कशाला? व्हिएन्नाच्या कार्ल्सकिर्शेची गोष्ट

व्हिएन्ना फिरून आलेल्यांच्या इन्स्टाग्रामवर हा फोटो हमखास असतो. हिरवट घुमट, समोर तळं आणि घुमटाच्या दोन्ही बाजूंना सुमारे 33 मीटर उंचीचे दोन खांब. हे कार्ल्सकिर्शे, म्हणजे संत चार्ल्स यांचं चर्च. बरोक शैलीतली ही गाजलेली वास्तू. पण नीट पाहा, त्या खांबांवर छताचा भार नाहीच. मग ते उभारले कशाला?

उत्तर रोममध्ये आहे. सम्राट ट्राजनने डेशिया, म्हणजे आजच्या रोमानियाचा बराचसा भाग जिंकला. त्याची आठवण म्हणून इ.स. 113 मध्ये एक स्तंभ उभा राहिला. त्यावर खालून वर वेटोळे घेत जाणाऱ्या पट्टीत सगळं युद्ध कोरलंय. व्हिएन्नातले खांब याच धर्तीवर घडवलेत. फक्त सैनिकांच्या जागी संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. 1576 मध्ये मिलानमध्ये प्लेग आला, बडे लोक शहर सोडून पळाले, तेव्हा हे आर्चबिशप रुग्णांमध्ये थांबले होते.

1713 मध्ये प्लेग व्हिएन्नात पोहोचला. सम्राट सहावा चार्ल्स याने नवस बोलला: साथ जाऊ दे, तुझं चर्च बांधतो. 1716 मध्ये काम सुरू झालं. वास्तुकार फिशर फॉन एर्लाख 1723 मध्ये वारला. पुढे त्याच्या मुलाने 1737 मध्ये ते पूर्ण केलं.

म्हणजे हा प्लेगवरचा विजय? तेवढंच असतं तर ट्राजनसारखा एक स्तंभ पुरला असता. दोन का?

खरी मेख इथेच आहे. बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिरासमोर दोन खांब होते, हे एक कारण. दुसरं जास्त राजकीय. दंतकथेनुसार हर्क्युलिसने जिब्राल्टरपाशी दोन खांब रोवले आणि पुढे ते स्पेनच्या राजघराण्याचं चिन्ह बनले. सहावा चार्ल्स स्पेनच्या गादीसाठी अनेक वर्षं लढला होता. 1713 च्या युट्रेक्ट तहात ती गादी फिलिपकडे गेली, तरी चार्ल्सने हक्क सोडला नव्हता. म्हणजे हरलेल्या गादीवरचा दावा थेट चर्चच्या दारात उभा केला! साथ ओसरली की राज्यकर्त्यांना आपलीच पाठ थोपटाविशी वाटते, हे काही आजचं नाही.

रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर पोपने 1587 मध्ये संत पीटरचा पुतळा बसवला. व्हिएन्नात संताच्या कथा कोरलेल्या खांबांच्या माथ्यावर मात्र सम्राटाचे गरुड आणि राजमुकुट आहेत.